पांदणीसाठी कोणती गाडी? रोडवाली एसयूव्ही का खरी फोर बाय फोर (चारी चाकं ओढणारी)?

वावरवाला_२९:
नमस्कार मंडळी. लय दिवसाचं डोक्यात घोळून राहिलं होतं, शेवटी धागा काढला. आमचं गाव पांढरकवड्याच्या बाजूचं. घर डांबरी रोडले लागूनच आहे पण वावर दोन-अडीच किमी आत, अन् तो सगळा रस्ता म्हणजे पांदण. भारी काळी माती, मधात एक नाला, त्याच्यावर रपटा (बुटका पूल). उन्हाळ्यात छोटी कारही जाते. मिरग लागला की मंग ट्रॅक्टर नाहीतर बंडी, तिसरं काही नाही.

आता घरची छोटी कार काढून एसयूव्ही घ्यायचं चाललंय. ज्या शोरूममधे जातो तिथं सगळेच म्हणतात, आपली गाडी ऑफ रोडले एक नंबर. कोणी गोल बटन फिरवून मड मोड दाखवते, कोणी ग्राउंड क्लिअरन्सचा, म्हणजे गाडीच्या पोटाखालच्या उंचीचा आकडा सांगते. महिन्यातून एखाद वेळा नागपूर होते, सोबत माय असते, तिचे गुडघे दुखतात म्हणून लय उंच चढायचं असन तं जमत नाही. क्रेटा नाहीतर ग्रँड विटारा एका बाजूनं, जिम्नी नाहीतर थार दुसऱ्या बाजूनं, मधात बोलेरो, असं डोक्यात आहे. ब्रोशरमधलं नका सांगू, जे चिखलात चालवतात त्यांनीच सांगा.

झपाटा_२७:
थार घ्या भाऊ. डिझेल, मॅन्युअल, फोर बाय फोर. विषय संपला.

गॅरेजवाला_३४:
विषय संपत नाही न भाऊ, त्यांची माय आहे सोबत, नागपूरचा प्रवास आहे, ते बी पाहा.

माझं वरोऱ्याकडं गॅरेज आहे. पावसाळ्यात ज्या गाड्या टोचन लावून येतात त्याच्यावरून सांगतो. कोणत्याच कंपनीचं नाव घेत नाही कारण ह्याच्यात गाडी खराब आहे असं काही नसते, ती ज्या कामासाठी बनली नाही त्या कामाले लावली असते. रोडवाल्या एसयूव्हीचं पहिलं जाते ते खालचं प्लास्टिकचं कव्हर. त्याच्यावर गारा, म्हणजे चिखल भरते, वजनानं लटकते अन् मंग एखाद्या ढेकळात अडकून फाटते. मंग पुढचा बंपर, नाल्यात उतरताना टेकते. मंग क्लच. चिखलात हाफ क्लचवर दहा मिनिटं रेस केली की वास सुटते, तिथंच ओळखून घ्या. अन् सगळ्यात महाग पडते ते चेंबर, म्हणजे इंजिनखालची ऑइलची टाकी. चाकोरीच्या मधल्या माथ्यावर एखादा दगड वर आलेला असते, तो चेंबरले लागते, ऑइल गळून राहते अन् चालवणाऱ्याले पत्ताच नाही. ऑइलची लाल लाईट लागली की त्याच जागी इंजिन बंद करा. गावापर्यंत नेतो म्हणून नेलेली गाडी माझ्याकडं इंजिन जाम होऊनच येते.

आता हे काहून होते ते समजून घ्या. क्रेटा, ब्रेझा, नेक्सॉन ह्या सगळ्या फ्रंट व्हील ड्राइव्ह. पुढची चाकं ओढतात. चढावर गाडीचं वजन मागं जाते, म्हणजे जी चाकं ओढतात तीच हलकी होतात अन् फिरत बसतात. त्याच्यात साधं डिफरेन्शियल (डाव्या-उजव्या चाकाले जोर वाटणारा गोळा) असलं की जे चाक घसरून राहिलं ते फिरत राहते अन् ज्याले पकड आहे ते उभंच. ट्रॅक्शन कंट्रोल काय करते, फिरणाऱ्या चाकाले ब्रेक लावते म्हणजे जोर दुसऱ्याकडं जाईन. थोड्या घसरणीत हे चांगलं काम करते, मी नाकारत नाही. पण माती चिकट असली अन् दोन्ही चाकं गोल गुळगुळीत झाली की ब्रेक कोणाले लावणार? मड मोडचं बटन हेच सॉफ्टवेअर बदलते अन् ॲक्सिलरेटर नरम-गरम करते. बटनानं गाडी उंच होत नाही अन् पुढचं इंजिन मागच्या चाकाले जोडल्या जात नाही.

झपाटा_२७:
तेच तं म्हणून राहिलो दादा. थारचा ग्राउंड क्लिअरन्स २२६ मिमी आहे, पाण्यात ६५० मिमी पर्यंत चालते असं कंपनीच लिहून देते, पुढचा कोन ४१ च्या वर. नाल्यात नाक टेकायचा प्रश्नच येत नाही.

गॅरेजवाला_३४:
हो, ते आकडे बरोबर आहेत. पण आकड्याची एक गोष्ट कोणी सांगत नाही ते सांगतो. नेक्सॉनचा क्लिअरन्स २०८ आहे अन् बोलेरोचा १८०. कागदावर पाहिलं तं बोलेरो हरली. मंग आपल्या इकडं ग्रामपंचायतीपासून तं दूधवाल्यापर्यंत सगळे बोलेरोच काहून चालवतात? कारण हा आकडा रिकाम्या गाडीचा असते. रोडवाल्या गाडीत पाच माणसं अन् खताच्या दोन बॅगा टाकल्या की अख्खी बॉडी खाली बसते, चेंबर, सायलेन्सर सगळं खाली येते. बोलेरोच्या मागं अखंड एक्सल आहे, पाट्याच्या स्प्रिंगवर बसलेला. बॉडी खाली बसली तरी एक्सलचा गोळा जमिनीपासून तितकाच उंच राहते, त्याची उंची टायरवर ठरते. अन् तो लोखंडाचा गोळा मातीले लागला तरी माती खरवडून पुढं जाते, फुटत नाही. खाली शिडीसारखी फ्रेम आहे, ती टेकली तरी काही होत नाही. म्हणून गाडी पाहाले गेले की शोरूममधे वाकून खाली पाहा. सगळ्यात खाली लटकलेली वस्तू कोणती अन् ती कशाची बनलेली, एवढं पाहिलं तरी अर्धं उत्तर मिळते.

सेलूची_ताई_३२:
मी वर्धा जिल्ह्यात शेतीच्याच कामानं रोज गावोगाव फिरते. आतापर्यंत सगळे गाडीवर बोलले, मातीवर कोणी बोललं नाही, म्हणून लिहिते.

आपली काळी माती म्हणजे काळ्या पाषाणाची झीज होऊन बनलेली, चिकणमातीचं प्रमाण लय. उन्हाळ्यात आकसते, हात जाईल इतक्या भेगा पडतात. पाणी लागलं की फुगते अन् त्या भेगा बुजतात. ह्या मातीची तीन रूपं धरा. कोरडी असताना कोणतीही गाडी जाते. झडीचा पाऊस लागून पाणी साचलेलं असताना ट्रॅक्टरशिवाय काहीच जात नाही, थार पण नाही, फोर्सची गुरखा पण नाही, कारण खाली पकडायला कडक थरच नसतो. जिथं हातभर खाली मुरूम आहे तिथं गाडी तरी निघते, पण भारी जमिनीत मुरूम कुठं माणूसभर खाली सापडतो. आणि तिसरं रूप, पाऊस उघडल्यापासून वाफसा येईपर्यंतचे दिवस. वर थोडं वाळलेलं, आत ओलं. फोर बाय फोर तुम्हाला फक्त हेच दिवस मिळवून देते. म्हणून दादा, गाडी ठरवायच्या आधी तुमच्या पांदणीवर असे किती दिवस येतात अन् त्या दिवसांत वावरात गाडीच न्यायची खरंच किती गरज पडते ते धरा. मजूर अन् बियाणं ट्रॅक्टरनं जात असेल तर हिशोब वेगळा. तिकडं गोठा असेल, कोणी राहत असेल, रात्री-बेरात्री आजारी माणूस आणावा लागत असेल, तर वेगळा.

आणखी एक. ट्रॅक्टरनं चिखलात पाडलेल्या चाकोऱ्या दिवाळीनंतर वाळतात आणि मंग तशाच कडक राहतात, मधला माथा उंच. म्हणजे फोर बाय फोरची गरज थोडे दिवस आणि उंचीची गरज बारा महिने.

वावरवाला_२९:
ताई, हे कोणीच सांगितलं नव्हतं. वावरात गोठा आहे, दोन म्हशी आहेत, सकाळ-संध्याकाळ माणूस जातेच. सध्या मोटरसायकल पांदणीच्या तोंडाशी ठेवून दूध खांद्यावर आणतो. म्हणजे आमचे ते मधले दिवस भरपूर आहेत.

मेळघाटकर_२७:
ताईंचं काळ्या मातीपुरतं शंभर टक्के बरोबर. पण सगळा विदर्भ काळ्या मातीचा नाही. आम्ही धारणीकडचे. इकडं चढ, गोटे, नाले, अन् चिखल कमी. चिखलदरा, सेमाडोह, हरिसाल हे रोड डांबरी आहेत, तिथं कोणतीही कार चालवा. आतल्या पाड्याकडं वळलं की गोष्ट बदलते. आमच्याकडं कामाची वस्तू म्हणजे लो रेंज, अन् त्याच्यावर इथं कोणी लिहिलं नाही.

लो रेंज म्हणजे गिअरबॉक्सनंतर अजून एक गिअर. जिम्नीत साधारण दुप्पट, थारमधे साधारण अडीच पट जोर होते अन् वेग तितकाच कमी. गोट्यावर चढताना गाडी क्लच न जाळता मुंगीसारखी चढते, पाय ॲक्सिलरेटरवर नुसता ठेवायचा. पण खरा उपयोग उतारावर. ओल्या गोट्यावरून उतरताना ब्रेक दाबला की चाक अडते अन् गाडी घसरत खाली. लो मधे पहिला टाकून पाय बाजूला काढून घ्या, इंजिनच गाडी धरून ठेवते. पावसात नाला पार केल्यावर ब्रेक ओले असतात तेव्हा तर हाच आधार. रोडवाल्या ऑल व्हील ड्राइव्हमधे ही वस्तू नाही, उतारासाठी बटन असते पण ते ब्रेकच लावत राहते.

रस्ता आतापर्यंत अंगवळणी पडला तरी मी नवीन चढ दिसला की उतरून पायी पाहून येतोच. कोणत्या गोट्यावर कोणतं चाक ठेवायचं ते आधी ठरवतो. शेजारी बसलेल्याले खाली उतरवून समोर उभं करा अन् त्याच्या हाताकडं पाहून चालवा, खिडकीतून मुंडकं काढून काही दिसत नाही.

वावरवाला_२९:
मेळघाटकर भाऊ, मग ग्रँड विटारा ऑलग्रिप कशात धरायची? तिच्यात चारी चाकं चालतात न? आराम पण चांगला, माय खुश होईन.

मेळघाटकर_२७:
चालतात, पण रीत वेगळी. रोजच्या चालण्यात पुढची चाकं ओढतात, घसरली की मधला क्लच मागं जोर पाठवते. लॉक मोड आहे, ओल्या घाटात, मुरमाच्या रोडवर, थोड्या चिखलात लय चांगली. २१० मिमी उंची पण आहे. अशा गाड्यांची अडचण अशी की खोल गाऱ्यात जास्त वेळ झटापट केली की तो मधला क्लच तापते अन् स्वतःले वाचवाले मागचा जोर सोडून देते. मंग पुन्हा दोन चाकाची गाडी. २०१४ मधे डस्टरची ऑल व्हील ड्राइव्ह आली होती, तिच्यात लो रेंज नव्हती पण पहिला गिअर मुद्दाम छोटा दिला होता, म्हणून ती अशा गाड्यात सगळ्यात कामाची ठरली. जुनी चांगली भेटली तं अजूनही पाहण्यासारखी, पार्टची चौकशी करून.

पर्लकोटा_३३:
मी भामरागडकडचा. आमचा प्रश्न माती नाही, पाणी आहे. पर्लकोटा नदीले पूर आला की पूल पाण्याखाली अन् तालुका तुटते, हे वर्षानुवर्षं पाहून राहिलो. तर रपट्यावर दोन शब्द लिहितो, अन् कृपा करून हे मनावर घ्या कारण दर पावसाळ्यात विदर्भात कुठं ना कुठं रपट्यावरून गाडी वाहून जाते.

६५० मिमी, ७०० मिमी हे जे आकडे कंपनी देते ते उभ्या पाण्याचे. वाहत्या पाण्याले ते लागू नाहीत. फूटभर जोराचं पाणी छोटी कार उचलते, दोन फूट पाणी जवळपास कोणतीही गाडी नेते, थार असो का फॉर्च्युनर. गाडी जड आहे म्हणून टिकन हा गैरसमज आहे, तिच्यात हवा भरलेली असते अन् ती तरंगते, एकदा टायर उचलले की स्टेअरिंगचा काही उपयोग नाही. रपट्याची कड पाण्याखाली दिसत नाही, अन् कधी कधी मधला स्लॅबच वाहून गेलेला असते. पाणी वाहत असलं तं अलीकडंच थांबायचं. फोर बाय फोर असल्यानं हा नियम बदलत नाही.

उभं पाणी असन तं आधी काठी घेऊन पायी जा. पहिला गिअर, एकसारखा हळू वेग, मधात गिअर बदलायचा नाही, थांबायचं नाही. पाण्यात बंद पडली तं पुन्हा स्टार्टर मारू नका, इंजिनात पाणी गेलं असन तं कनेक्टिंग रॉड वाकते. अन् घरी आल्यावर एक्सलचं ऑइल पाहा, दुधाळ झालं असन तं पाणी शिरलं.

गॅरेजवाला_३४:
पर्लकोटा भाऊंचं शेवटचं वाक्य ज्यांच्याकडं फोर बाय फोर आहे त्यांनी लिहून ठेवा. गरम एक्सल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते अन् सीलमधून पाणी ओढते. पावसाळा संपला की पुढचं, मागचं अन् ट्रान्सफर केसचं (पुढं-मागं जोर वाटणाऱ्या पेटीचं) ऑइल पाहूनच घ्या.

धानपट्टा_३६:
भंडाऱ्याकडून. आमच्याकडं बांध्या, म्हणजे रोवणीच्या दिवसात सगळीकडं पाणीच. एक विचारतो, जिम्नी एवढी हलकी आहे, १२०० किलोच्या आसपास, अन् टायर बी अरुंद, १९५ चे. चिखलात टिकन का?

मेळघाटकर_२७:
टिकन म्हणजे, त्याच तिच्या जमेच्या बाजू आहेत. थार दीड टनाच्या वर जाते. मऊ जमिनीत कमी वजन म्हणजे कमी रुतणं. अन् अरुंद टायर वरचा गारा कापून खालच्या कडक थरापर्यंत जाते, जिथं थर जवळ आहे तिथं फायदाच. पुढं-मागं दोन्हीकडं अखंड एक्सल आहेत, चाक वर-खाली भरपूर होते. ताकद कमी आहे, १३४ न्यूटन मीटर, म्हणून तिले इंजिन फिरवत ठेवावं लागते, डिझेलवाल्यांना ते आवडत नाही. जमिनीत थरच नसला तं तिथं ताईंचा नियम, कोणतीच नाही.

झपाटा_२७:
मड टायर टाकले की थार कुठंच अडत नाही, हे मी स्वतः अनुभवलं आहे. डिझेलच्या ३०० न्यूटन मीटरपुढं जिम्नीचं काय. अन् लोड पण ओढते, ट्रॉली लावा.

सेलूची_ताई_३२:
झपाटा भाऊ, तुमच्याकडं मुरमाड असेल. आमच्या भारी मातीत मड टायरच्या खाचा दहा-वीस फुटात भरतात आणि मंग टायर सपाट होतो. चाक जोरात फिरवलं तरच माती उडते, अन् जोरात फिरवलं की खड्डा होतो. शिवाय माती मडगार्डच्या आत गोळा होऊन चाकच जाम करते, सब्बलीनं काढावी लागते. बंडीच्या चाकाला लागते तशीच. चाक अन् मडगार्डमधे मोकळी जागा किती हे पण गाडी घेताना पाहा, मोठे टायर टाकले की तीच जागा कमी होते.

गॅरेजवाला_३४:
बरोबर. ए.टी. टायर, म्हणजे ऑल टेरेन, पुरे. त्याच्यापेक्षा हवा कमी करायचं शिका. ३२-३३ वरून १८-२० पर्यंत उतरवली की टायर पसरते, पकड वाढते, रुतणं कमी. फुकटचा उपाय आहे. पण डांबरीवर यायच्या आधी भरून घ्या, कमी हवेत पळवलं तं टायर तापून फुटते. लायटरवर चालणारा छोटा कंप्रेसर गाडीत ठेवा.

अन् पार्ट टाइम, म्हणजे गरजेपुरती हातानं टाकायची फोर बाय फोर कोरड्या डांबरीवर टाकून ठेवू नका, जिम्नी असो थार असो. वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात, मागची कमी, अन् मधात सैल व्हाले काही नसते, सगळा ताण ट्रान्सफर केसवर. नागपूरले जाताना टू व्हीलवरच.

झपाटा भाऊ, पुढं लोखंडी बुलगार्ड लावू नका म्हणजे झालं, २०१७ पासून बंदी आहे.

सेलूची_ताई_३२:
आईंच्या गुडघ्यांचं पण पाहा. तीन दरवाज्यांच्या थारमधे मागं बसायचं तर पुढची सीट सरकवून चढावं लागते, ते त्यांना जमणार नाही, त्या पुढंच बसतील. जिम्नी पाच दरवाज्यांची आहे पण चारच जणांची, अन् मागची सीट उभी असली की डिकी २०८ लिटर, दोन दुधाचे कॅन अन् एक पिशवी. पाच माणसं नेहमी जात असतील तर ती नाहीच. अन् २०२५ च्या सप्टेंबरपासून जीएसटीचा फरक आहे, चार मीटरच्या आतली डिझेल १५०० सीसीपर्यंत असेल तर १८ टक्के, म्हणून बोलेरो त्याच्यात बसते. जिम्नी लांबीत बसते पण पेट्रोलला मर्यादा १२०० सीसीची आहे, म्हणून ४० टक्क्यांत. थार फोर बाय फोर पण ४० टक्क्यांत. तेवढ्या फरकात पांदणीवर किती ट्रॉल्या मुरूम पडेल तो पण हिशोब करा. पांदण रस्त्यासाठी सरकारी योजना आहे, ग्रामसभेत ठराव घेऊन अर्ज लावा. रस्ता झाला तर फायदा सगळ्या गावाचा.

वावरवाला_२९:
ताई अर्ज लावतो, सरपंच ओळखीचे आहेत. पण शेजारचा धुरा सोडाले तयार नाही, वेळ लागन.

बोलेरो निओ पण पाहिली, तिच्यात मागं लॉक होणारं डिफरेन्शियल देतात म्हणे?

गॅरेजवाला_३४:
२०२१ मधे निओ आली तेव्हा वरच्या मॉडेलात दिलं होतं, तुम्ही घ्याल त्या मॉडेलात आहे का ते लिहून घ्या, सेल्समनच्या तोंडी बोलण्यावर जाऊ नका. असलं तं तुमच्यासारख्यासाठी लय कामाचं. एक मागचं चाक फिराले लागलं की आपोआप दोन्ही बांधल्या जातात. फोर बाय फोर नाही पण साध्या दोन चाकाच्या गाडीपेक्षा बरंच पुढं. मागची चाकं ओढतात म्हणून चढावर वजन बी तिकडंच जाते. गुरखात तं पुढचं-मागचं दोन्ही हातानं लॉक करता येते, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाले ती गाडी लय उंच.

माझं मत विचारसाल तं, म्हशीमुळं रोज जावंच लागते, घरात चार माणसं, तं जिम्नी. पाच-सात माणसं अन् मालही न्यायचा, तं लॉकवाली निओ अन् ए.टी. टायर. क्रेटा चांगली गाडी आहे पण तुमच्या पांदणीले नाही.

मेळघाटकर_२७:
सहमत. एक विनंती सगळ्यांनाच. फोर बाय फोर आली की पोरं जंगलात घालतात, मेळघाट असो का ताडोबाचा बफर. राखीव जंगलात रस्ता सोडून गाडी घालणं गुन्हा आहे, अन् नाल्याच्या रेतीत चाकं फिरवली की जनावराचं पाणी गढूळ होते. हौस आपल्या पडीक वावरात करा.

वावरवाला_२९:
दोन्ही डीलरले फोन केला. पाऊस पडून तीन-चार दिवस झाले की जिम्नी अन् निओ दोन्ही आमच्या पांदणीवर आणाले सांगितलं. एक जण तयार झाला, दुसरा म्हणते मॅनेजरले विचारतो.

गॅरेजवाला_३४:
जो येईन त्याच्यासोबत मायले बसवून पाहा, चढणं-उतरणं तिलेच करू द्या. अन् ट्रॅक्टर पांदणीच्या तोंडाशी उभा ठेवा, दोर घेऊन. निघायच्या आधी टो हुक कुठं आहे ते विचारा, बऱ्याच गाड्यात तो टूलकिटमधे असते अन् बंपरचं झाकण काढून आट्यानं बसवावा लागते. कोरड्यातच बसवून घ्या. एक्सलले किंवा बंपरले दोर बांधू देऊ नका, अन् दोर ताणला की कोणी त्याच्या रेषेत उभं राहू नका.